रोजच्या जेवणात कच्चं खाणं कसं वाढवावं?

दवाखान्यात मधुमेह, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन किंवा कमी हिमोग्लोबिन यांविषयी बोलताना डॉक्टरांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : "कच्चं खाणं वाढवा, सॅलड खात जा." पेशंट मान हलवतात आणि घरी जातात. पुढच्या वेळी विचारलं की खाली बघून म्हणतात, "नाही जमलं, डॉक्टर." कुणाच्या घरी तीन दिवसांनी नळाला पाणी येतं, कुणाचे दात पडलेत, कुणाचं पोट फुगतं. सॅलड म्हणजे हॉटेलातली काहीतरी महागडी गोष्ट, असंही अनेकांना वाटतं. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि तुमची इच्छाशक्ती कमी पडली असंही नाही.

हा लेख नांदेड-लातूरकडच्या, ज्वारीची भाकरी आणि वरण-भाजी खाणाऱ्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. ब्रोकोली किंवा ऑलिव्ह तेल यांचा इथे उल्लेख येणार नाही. काय खाल्लं तर फायदा, धुवायचं कसं, कोणी जपून खायचं आणि 'सगळंच कच्चं खा, गोळ्या बंद करा' असं सांगणाऱ्यांचं किती ऐकायचं, एवढंच बघू.

तुम्ही आधीपासून काय खाता, ते आठवा

'आम्ही कच्चं काहीच खात नाही' असं सांगणाऱ्या बहुतेक घरांत बुक्कीनं फोडलेला कांदा रोज भाकरीसोबत असतो. हिवाळ्यात मेथीचा घोळाणा असतो. कोवळी मेथी चिरून त्यात कांदा, शेंगदाण्याचा कूट, मीठ, तिखट आणि वरून थोडं कच्चं तेल. हे सॅलडच आहे, आणि चांगल्यापैकी आहे. करडईच्या कोवळ्या पाल्याचाही असाच घोळाणा होतो. रानात आपोआप उगवणारी पाथरी जुनी माणसं नुसती धुऊन भाकरीबरोबर खातात. पावसाळ्यात रानातली वाळकं, थंडीत मुळा, गाजर, पातीचा कांदा आणि हरभऱ्याचे ढाळे, माघात बोरं, महाशिवरात्रीला कवठ, उन्हाळ्यात कैरी आणि टरबूज. वेळ अमावास्येला शेतात जेवायला बसलेल्या माणसाला कच्चं खा म्हणून सांगावं लागत नाही. भज्जी आणि आंबील समोर असतानाही हात ढाळ्याकडे जातोच.

लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे ज्या गोष्टीला आपण भाजीवर 'वरून टाकायची' म्हणून दुय्यम समजतो, ती इथली नाव घेण्यासारखी पालेभाजी आहे. मूठभर कोथिंबीर चिरून वरणात, पिठल्यावर, दह्यात घातली तर तेही कच्चं खाणंच झालं. शेजारच्या बालाघाटातलं सीताफळ आणि अर्धापूरची केळी यांचीही मोजणी कच्च्यातच होते. फळ हे श्रीमंतांचं किंवा आजारी माणसाचं खाणं, ही समजूत मात्र डोक्यातून काढायला हवी. हंगामात पेरू हे सफरचंदापेक्षा बहुधा स्वस्त पडतं आणि क जीवनसत्त्व त्यात सफरचंदाच्या कितीतरी पट असतं. मध्यम आकाराचा एक पेरू दिवसाची क जीवनसत्त्वाची गरज भागवतो.

तेव्हा आधी मोजा : गेल्या आठवड्यात किती दिवस, काय काय कच्चं खाल्लं? कागदावर लिहिलं तर आकडा तुमच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो, असा माझा अनुभव आहे. सुरुवात तिथूनच करायची.

एक गोष्ट मात्र या मोजणीत हमखास सापडते. कोशिंबीर केली जाते, पण ती पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात संपते. मागून जेवणाऱ्या बाईला भांड्याला लागलेलं दही मिळतं. ज्यांचं हिमोग्लोबिन सर्वांत कमी असतं त्यांच्याच ताटात लिंबू-कोथिंबीर-पेरू नसतो. घरातल्यांनी हे वाचत असाल तर वाढतानाच तिचा वाटा बाजूला काढून ठेवा.

कच्च्यात काय असतं आणि शिजवल्यावर काय होतं

क जीवनसत्त्व आणि फोलेट ही उष्णतेनं आणि शिजवून ओतलेल्या पाण्यातून कमी होतात. लिंबू, पेरू, कैरी, कोथिंबीर, कोबी, टोमॅटो कच्चे खाल्ले की हा तोटा टळतो. भाकरी, डाळी आणि पालेभाजीतलं लोह आतड्यात शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून जेवताना लिंबू पिळा आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. चहा नेमकं उलटं काम करतो, लोह अडवतो.

दुसरा फायदा चोथ्याचा, म्हणजे तंतूंचा. चोथ्यामुळे शौच साफ होतं, पोट लवकर भरतं आणि जेवणानंतर रक्तातली साखर हळू चढते. चावायला वेळ लागतो, हाही फायदाच. चार घास चावण्यात पाच मिनिटं गेली तर तिसरी भाकरी मागायच्या आधी पोट 'पुरे' म्हणतं.

पण शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न, असं जे मोबाइलवर फिरतं ते खरं नाही. गाजरातलं आणि पालेभाजीतलं कॅरोटीन, टोमॅटोतला लाल रंग देणारा घटक, हे शिजवल्यावर आणि थोड्या तेलासोबत जास्त चांगले मिळतात. गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची फोडणी आणि शेंगदाण्याचा कूट घालायची आपली पद्धत त्या दृष्टीनं योग्यच आहे. राजमा, घेवड्याचे दाणे यांसारखी कडधान्यं कच्ची खाल्ली तर जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात, ती पूर्ण शिजवूनच खायची. कच्चं अंडं दुधात फोडून पिणं आणि न उकळलेलं धारोष्ण दूध या दोन्ही सवयी सोडा. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा क्षय माणसाला होऊ शकतो. 'कच्चं खा' हा सल्ला भाज्या-फळांपुरता आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. या भाज्यांत शिजवलेल्याही आल्या. त्यातल्या एखाद-दुसऱ्या वाटीएवढ्या कच्च्या असल्या तरी खूप झालं.

सुरुवात कशी करायची

एका वेळचं जेवण निवडा. बहुतेकांना रात्रीपेक्षा दुपारचं सोपं जातं. त्या जेवणात अर्धी वाटी कच्चं वाढा, बाकी ताट आहे तसंच राहू द्या. दोन-तीन आठवड्यांत पोटाला सवय झाली की वाटी पूर्ण करा. एकदम दोन वाट्या मोड आलेली मटकी आणि कोबी खाल्ला तर गॅस होणारच. त्यावरून 'मला कच्चं सोसत नाही' असा निकाल लावू नका. काकडी, गाजर, बीट, पिकलेली फळं ही पोटाला तुलनेनं हलकी. कांदा, मुळा, कोबी आणि मोड आलेली कडधान्यं गॅस जास्त करतात. मोड आलेल्या मटकी-मुगाला पाच-सात मिनिटं वाफ दिली तर पचायला सोपी होतात आणि जंतूंची भीतीही कमी होते. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते, म्हणून माझा कल नेहमी वाफ देण्याकडे आहे. चोथा वाढवला की पाणीही वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठ उलट वाढतं.

दात नसतील तर किसणी वापरा. गाजर, काकडी, मुळा, कोबी बारीक किसून दह्यात घातले तर कवळी नसलेल्या आजोबांनाही खाता येतात. पचडी आणि कोशिंबीर हे आपल्याकडचे जुने प्रकार चावण्याची अडचण आधीच सोडवून बसलेत. खलबत्त्यात थोडं ठेचलं तरी चालतं. मिक्सरमधून काढून, गाळून, रस करून मात्र नको. गाळताना चोथा जातो आणि उरते ती साखर.

चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत काकडी, कैरी, कोथिंबीर, ओलं खोबरं, मुळा यांचं चालतं. रोज्याच्या महिन्यात इफ्तारला फळं असतातच. तळलेल्या भज्यांआधी ती संपवली तर मधुमेह असलेल्यांना पुढचं खाणं आवरायला मदत होते, फक्त खजूर मोजून. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना फडावर भाजी मिळणं अवघड असतं. त्यांच्यासाठी कांदा, लिंबू, गाजर, मुळा आणि पेरू हे चार-आठ दिवस टिकणारं, सोबत नेता येणारं सामान आहे. मीठ आणि साखर घातली नाही तर कच्चं जात नाही, असं कुणी म्हणालं तर मी सुरुवातीला चिमूटभराला हरकत घेत नाही. बीपी असेल तर मात्र लिंबू, जिरेपूड, कूट यांवर चव आणायला शिका, आणि पापड-लोणच्याला कोशिंबिरीत धरू नका.

पाणी कमी असताना भाजी धुवायची कशी

आपल्या भागात हा प्रश्न बाजूला ठेवून कच्च्या खाण्यावर बोलणं म्हणजे फसवणूक आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात कुणाला 'पालक चार पाण्यांत धुवा' म्हणून सांगायची सोय नव्हती. दर वर्षी तेवढी वेळ येत नाही, पण मार्चनंतर टँकर, साठवलेलं पाणी आणि बोअरचं आटलेलं पाणी अनेक घरांत असतंच.

कच्च्या भाजीतून येणारे मुख्य आजार म्हणजे टायफॉइड, अ आणि ई प्रकारची कावीळ, अमिबाची हगवण आणि जंत. हे सगळे माणसाच्या विष्ठेनं दूषित झालेल्या पाण्यातून, मातीतून आणि हातांतून येतात. ई प्रकारची कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकते. म्हणून धुण्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

थोड्या पाण्यात धुण्याची रीत अशी. आधी कोरडंच काम करा : मुळं कापा, सडकी-पिवळी पानं काढा, माती झटका, कोबीचा बाहेरचा पापुद्रा टाकून द्या. मग मोठ्या भांड्यात भाजी बुडवून हातानं चोळा आणि भाजी वर उचलून घ्या. भांडं भाजीसकट ओतू नका, तळाशी बसलेली माती परत भाजीवर येते. दुसऱ्या भांड्यात पुन्हा एकदा तसंच करा. शेवटी पिण्याच्या पाण्यानं एक हात फिरवा. हे शेवटचं पाणी उकळून गार केलेलं, फिल्टरचं किंवा मेडिक्लोर घातलेलं असावं. मेडिक्लोर आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात विचारा आणि बाटलीवर लिहिलं तेवढंच टाका. पहिल्या दोन भांड्यांचं पाणी दारातल्या झाडांना जातं, वाया जात नाही.

मिठाच्या पाण्यात भाजी ठेवल्यानं अळ्या-किडे सुटून येतात, हा उपयोग खरा. पण मीठ, हळद किंवा व्हिनेगरनं जंतांची अंडी मरतात असं धरून चालू नका. ती चोळून, धुऊन आणि साल काढूनच जातात. साबणानं किंवा भांडी घासायच्या पावडरनं भाजी धुवू नका, हात मात्र साबणानंच धुवा.

पाणी फारच कमी असेल त्या महिन्यांत पालेभाज्या शिजवूनच खा आणि कच्च्यात साल काढता येणाऱ्या गोष्टी घ्या : काकडी, गाजर, कांदा, केळी, मोसंबी, पपई, टरबूज. टरबूज कापण्याआधी बाहेरून धुवा, कारण सुरी सालीवरची घाण आत नेते. गाड्यावर कापून ठेवलेलं फळ, रसवंतीतला बर्फ आणि लग्नाच्या पंगतीत दोन-तीन तास आधी चिरून ठेवलेली काकडी टाळा. आपल्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, त्या उकाड्यात दह्यातली कोशिंबीरही केली की लगेच संपवा. मटण चिरलेल्या विळीवर किंवा सुरीनं न धुता काकडी चिरू नका.

आणि शेतातून थेट तोडून खाणाऱ्यांसाठी एक सूचना. हरभऱ्यावर घाटे अळीसाठी, भाजीपाल्यावर मावा-तुडतुड्यांसाठी फवारणी होते. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते औषधाच्या डब्याबरोबरच्या पत्रकात लिहिलेलं असतं. दुसऱ्याच्या शेतात ढाळा उपटण्याआधी 'कधी फवारलं?' एवढं विचारा. धुण्यानं वरचा अंश कमी होतो, झाडात मुरलेलं औषध धुतलं जात नाही. असं काही खाऊन मळमळ, लाळ गळणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर घरी वाट न बघता सरकारी दवाखाना गाठा आणि फवारलेल्या औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो सोबत न्या.

पत्ताकोबीतला किडा मेंदूत जातो का?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. कोबीत दिसणारी हिरवी अळी मेंदूत जात नाही. ती चुकून शिजली तरी त्रास होत नाही, किळस सोडली तर.

मेंदूत गाठी करतो तो डुकरातल्या पट्टकृमीचा बाळकृमी. ज्या माणसाच्या आतड्यात हा पट्टकृमी आहे, त्याच्या विष्ठेतून डोळ्यांना न दिसणारी अंडी बाहेर पडतात. उघड्यावरच्या शौचामुळे, सांडपाण्यामुळे किंवा न धुतलेल्या हातांमुळे ती भाजीवर येतात. पोटात गेली की त्यांतून निघालेले बाळकृमी रक्तावाटे मेंदूत पोचू शकतात आणि तिथे गाठ झाली की फिट येते. म्हणून आयुष्यात कधी मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. प्रौढ वयात पहिल्यांदाच फिट येण्याच्या आपल्या देशातल्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे.

मग कोबीच बदनाम का? त्याच्या पापुद्र्यांत माती अडकते म्हणून. पण मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांनाही तीच माती लागते. नुसता कोबी सोडून बाकी सगळं न धुता खाणाऱ्यानं काही मिळवलं नाही. कोबी कच्चा खायचा असेल तर बाहेरची दोन-तीन पानं टाका, पानं सुटी करून धुवा, मग चिरा. मनात धाकधूक राहत असेल तर खुशाल शिजवून खा. त्यासाठी तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. घरात लहान मुलं असतील तर १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला शाळेत-अंगणवाडीत मिळणारी गोळी चुकवू नका. फिट आलेल्या माणसाला मात्र परस्पर जंताची गोळी देऊ नका. मेंदूत गाठी असतील तर त्या गोळीनं सूज वाढू शकते, आधी तपासणी लागते.

मधुमेह असेल तर

जेवणाची सुरुवात कच्च्यानं करा. आधी काकडी-गाजराची वाटी, मग भाजी-वरण, शेवटी भाकरी किंवा भात. तेवढ्याच भाकरीनं साखर थोडी हळू चढते. ग्लुकोमीटर असेल तर दोन दिवस दोन्ही पद्धतींनी जेवून, जेवणानंतर दोन तासांनी स्वतःच तपासून बघा. माझ्या शब्दापेक्षा त्या आकड्यावर तुमचा जास्त विश्वास बसेल.

फळं बंद करायची गरज बहुतेकांना नसते. एका वेळी एक पेरू, एक छोटी मोसंबी किंवा पपईच्या तीन-चार फोडी, जेवणानंतर लगेच न खाता मधल्या वेळेत. सीताफळ, आंबा, केळी यांत साखर जास्त असल्यानं अर्धं-पाऊण. वर्षातून चार वेळा सीताफळ खाणाऱ्याला मी रागावत नाही, सांगून खा एवढंच म्हणतो.

गोळ्यांचा विषय मात्र नीट वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना एकदम भाकरी सोडून फक्त काकडी-टोमॅटोवर राहिलात तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. घाम, थरथर, चिडचिड, भान हरपणं ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या. खाणं मोठ्या प्रमाणात बदलणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, गोळीचा डोस कमी करावा लागेल. कमी करणं आणि आपल्या मनानं बंद करणं यांत फार फरक आहे.

दुधी भोपळ्याच्या रसाबद्दल वेगळं सांगायला हवं. कडू लागणारा दुधी, काकडी किंवा दोडका यांत कुकुर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य जास्त असतं. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं समिती नेमून याचा अभ्यास केला आणि कडू लागलेला रस पिऊ नये असं स्पष्ट बजावलं. 'औषध कडूच असतं' म्हणून डोळे मिटून गिळू नका. एक छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेका. रस प्यायल्यावर पोटात कळा, उलट्या, विशेषतः रक्ताची उलटी किंवा जुलाब झाले तर तातडीनं भरती व्हा. कारल्याची ती स्वाभाविक चव आहे, त्याला हा नियम लागू नाही, पण कारल्याचा रस गोळीची जागा घेत नाही.

सगळंच कच्चं खाल्लं तर?

हा प्रयोग नवा नाही. महात्मा गांधींनी १९२९ साली काही महिने फक्त न शिजवलेलं अन्न खाऊन पाहिलं : मोड आलेला गहू, वाटलेले बदाम, हिरवी पानं, लिंबू, मध. 'यंग इंडिया'त त्याबद्दल लिहिलंही. शेवटी आमांशानं आजारी पडून त्यांना तो सोडावा लागला. निसर्गोपचारावरचा त्यांचा विश्वास त्यानंतरही टिकला. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनीच निसर्गोपचार केंद्र सुरू केलं. पण जेवणाच्या बाबतीत जे सोसलं नाही ते त्यांनी पुढे रेटलं नाही.

पूर्ण कच्च्या, दूधही नसलेल्या आहारावर महिनोन्महिने राहिल्यास ब१२ जीवनसत्त्व, प्रथिनं, कॅल्शियम आणि लोह कमी पडू शकतं. शेतात राबणाऱ्या माणसाला तेवढ्या कॅलरी चावून मिळवणंही अवघड. पहिल्या महिन्यात वजन आणि साखर उतरते, हे खरं आहे, आणि ते पाहून माणसं बीपीच्या, थायरॉइडच्या, फिटच्या गोळ्याही बंद करतात. धोका तिथे आहे. तुम्हाला असा प्रयोग करायचाच असेल तर मी दार लावून घेणार नाही. तपासण्या करून, गोळ्या चालू ठेवून, ठराविक दिवसांसाठी करा आणि मध्ये येऊन दाखवा.

यांनी आधी विचारावं

किडनीचा आजार असलेल्यांना कच्चं वाढवा हा सल्ला सरसकट लागू नाही. किडनी कमजोर झाली की रक्तातलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, कधी अचानक थांबतात. टोमॅटो, कोथिंबीर, केळी, मोसंबीचा रस, नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर. अशा पेशंटना भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायला सांगतात, म्हणजे कच्च्याच्या नेमकं उलट. शेजाऱ्याला गुण आला म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला नारळपाणी देऊ नका.

हृदयाची झडप बदललेल्या पेशंटना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा असिट्रोम चालू असतं. हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीचा असर कमी करतं. घोळाणा बंद करायचा नाही, पण रोज साधारण सारखंच प्रमाण ठेवायचं. मेथीचा हंगाम आला म्हणून एकदम जुडीच्या जुडी खाल्ली तर तपासणीचा आकडा घसरतो.

गरोदर बाईनं, केमोथेरपी चालू असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी कच्ची मोड आलेली कडधान्यं आणि बाहेरचं चिरलेलं काहीही टाळावं. घरी धुऊन, साल काढून खाल्लेली फळं चालतात. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. त्यानंतर केळं, पपई कुस्करून. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कडक गाजराचे तुकडे, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. किसून किंवा लांबट चिरून द्या, आणि धावता-खेळता नको.

कच्चा कांदा किंवा तिखट घोळाणा तोंडाला झोंबतो म्हणून खात नाही, असं तिशीतला माणूस सांगतो तेव्हा मी त्याला तोंड उघडायला सांगतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी गुटख्यानं आखडलेली तोंडं रोज दिसतात. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, गालाची आतली बाजू पांढरी-टणक लागत असेल किंवा न भरणारा चट्टा असेल तर कोशिंबिरीचा विषय नंतर. आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा आणि पुडी आजच बंद करा. तोवर दह्यात कालवलेली, तिखट न घातलेली काकडी खाता येईल.

खाणं बदलल्यावर पोट थोडं फुगणं, शौचाची वेळ बदलणं हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चालतं. ताप, डोळे किंवा लघवी पिवळी होणं, शौचातून रक्त, न थांबणारे जुलाब, कारण नसताना वजन उतरणं यांपैकी काहीही झालं तर ते कच्च्या खाण्याच्या नावावर न टाकता डॉक्टरांना दाखवा. येताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि आठवडाभरात काय खाल्लं त्याचा कागद आणा.